माधवचा प्रोग्राम

कॉम्प्युटर कधी चुकत नाही असं कुणी म्हणालं की मला आमचा माधव आठवतो आणि जीव हळहळतो. तो तलमडुगूचा, माझ्यासोबतच आदिलाबादच्या ऑफिसात लागलेला. फोनच्या लाइनवरून इथूनच हैदराबादच्या मोठ्या मशीनमध्ये लॉगिन करता यावं, असा प्रोग्राम त्याने लिहिला होता. पण पासवर्ड टाकला की प्रोग्राम धाडकन बंद पडायचा.

"काऊन पडून राह्यला बे हा?" म्हणत माधव रोज स्वतःचाच कोड तपासायचा.

लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलून देणारा नवा कंपायलर आमच्या साहेबांनी स्वतः हैदराबादहून आणला होता.

"अरे, तो कंपायलरच बिघडलेला असला तर?" मी एकदा म्हणालो.

"सायबानं आनलेल्या वस्तूले नाव ठेवतं का बे? गप बस. माहीच चूक असन."

शेवटी साहेबांनी त्याला कामावरून काढलं आणि त्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी चिडून जुन्या फ्लॉपीवरचा कंपायलर लावला. माधवच्या कोडमधलं एक अक्षरही बदललं नाही, आणि पहिल्याच झटक्यात लॉगिन झालं!

धावतच साहेबांना बोलावून आणलं. चूक नव्या कंपायलरची होती, माधवला परत घ्या, म्हणून हात जोडले.

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. खूश होऊन माझ्या पाठीवर थाप मारली.

"देखा? आदमी बदला, तो चालू हो गया."