कवडूकाकांचा सीमापार फारम

नाई जी काका, हातानं लिहिलेलं नाई चालत — दिल्लीच्या संस्थेचा फारम हाय, ऑनलाइनच जाते, आज पाच वाजता बंद, आता सव्वाचार झाले. पन घाबरायचं काम नाई. ह्या योगराजच्या कॉम्प्युटर सेंटरातून गेलेला फारम आजपावतो वापस नाई आला, इचारा कोनाले बी. कामठ्याच्या खुशीचा नर्सिंगचा फारम तीन जागी वापस आलता — मी भरलो, आज भंडाऱ्यात ड्युटी करून राहिली. हां, तं काम, फ्रीलान्स पत्रकार. फ्रीलान्स म्हंजे फुकट ना जी? नाई? कोन्या पेपरात नोकरी नाई, बातमी घेतली तं पैसा, नाई घेतली तं नाई — मंग तेच तं म्हनून राहिलो मी. रागावता कायले, लिहितो ना बराबर.

आता हे पाहा — सीमापार शोधपत्रकारितेसाठी अनुदान. देश क्रमांक एक, भारत. देश क्रमांक दोन — मध्य प्रदेश कसा लिहू, यादीतून निवडा लागते. एम-ए-डी टाकलो तं मादागास्कर येऊन राहिला. ठेवू काय मादागास्कर? बाघ नदीच्या पल्याड बालाघाट, त्याच्या पल्याड मादागास्कर, कोन जाते पाहाले. बरं बाप्पा, संस्थेवाल्याईनं फोनवर सांगतलं ना दोन राज्यं चालतीन म्हनून — 'इतर' दाबतो. पल्याडचा साथीदार? हिरालाल, बालाघाटचा. तो बी फ्रीलान्स? नाई जी, हसलो नाई, खोकला आला.

धोका — हे तं मी लिहून बी टाकलो, 'नाई'. सगळ्याच फारमात लिहितो. बिमारी? नाई. गुन्हा? नाई. धोका? नाई. 'नाई' लिहिलं की फारम सुटते. काऊन, हाय म्हनता धोका? मारतीन तुमाले? कोन मारन जी — ते मानसं तशी नाईत, चहा पाजते, शेटजी तं मंगळवारी कांद्याले बी हात नाई लावत... आयकलं होतं कोनाकून तरी. असू द्या, 'हाय' लिहितो.

आता मुख्य गोष्ट, तुमी लिहिलेली वाचतो — 'व्यापारी पल्याडचा धान स्वस्तात घेऊन, ट्रकनं पुलावरून आनून, आपल्या चाळीस शेतकऱ्यांच्या नावानं इथल्या सरकारी खरेदीत हमीभावानं इकते.' बरं लिहिलं, पन काका, असा फारम वापस येते. पुलावरून ट्रक कायले आनतीन, तिथं नाका हाय — खालच्या घाटातून ट्रॅक्टर येते, पानी उतरलं की. आन् चाळीस नाई, अडतीस. दोघांचे सातबारे मोजनीत अडकले होते. आन् हे तं साफ गलत — 'खरेदीवरचा बाबू नावं चढवते.' अजी, त्या बिचाऱ्याले माऊस धरता नाई येत. नोंदनी बाहेरच होते — सातबारा, आधार, पासबुक, फोटो, सारं स्कॅन करून चढवा लागते, एकाले बारा मिनिटं. कुठून म्हंजे? सेंटरातून. कोन्या सेंटरातून म्हंजे, गावात सेंटर हायेत तरी किती —

तुमी हे लिहून कायले राहिले जी?

नाई, थांबा, मी सांगतो. मले काय मालूम होतं पहिल्या साली? शेटजीनं गठ्ठा आनून देल्ला, शेतकऱ्याईचं काम हाय म्हनला, मी भरलो. फारम म्हंजे फारम. दुसऱ्या साली समजलं. तवा घरवालीचं, रीनाचं बारंतपन होतं, कॉम्प्युटर हप्त्यावर होता — आता ते बी लिहा. अडतिसातली एक आपली धनवंताबाई, मंदिरामांगची. ते आपला खरा धान घेऊन खरेदीवर आली, बावीस पोते, तं तिच्या सातबाऱ्यावर शेटजीचा धान अगोदरच चढलेला. तीन दिवस पोत्यावर बसून होती. माह्याकडे आली, म्हने, योगराज, पाह्य ना बाबू काय झालं. मी तिले सांगतलो, माय, तुहा अंगठा जुळून नाई राहिला. तिनं तिथंच बसून लुगड्याले अंगठा घासला, थुकी लावून घासला, मंग अजून ठेवला मशीनवर. मले लाज वाटली जी. रात्री जेवलो नाई मी. हे नका लिहू. नाई — हे लिहा, बाकीचं खोडा.

हां, भरला सगळा. पाहा, लाल निशान एक बी नाई, पहिल्या नंबरचा फारम हाय, पैसा भेटनच तुमाले. तुमी आन् हिरालाल घाटावर जासान, मंग धनवंताबाईकडे, मंग ते सांगन कोन भरला. आता खाली हे हिरवं बटन हाय ना, एकदा दाबलं का गेला. चार बावन्न झाले. मी दाबतो ना जी, माहं बोट हाय. दाबतो.

लिंक गेली, काका.

नाई, तुमच्या मोबाइलवर असन, तो नेट वेगळा. इकडून गेली. मोबाइलवरून धाडाले फारमाचा पासवर्ड? पासवर्ड माह्या ध्यानात नाई आता. उद्या या. उद्या तारीख नाई, मले मालूम हाय. उठा जी, बेंच अंदर घ्याचा हाय.