सासूबाईंचा पहिला प्रवासी

...आणि वर घरचे मलाच विचारतात, 'एवढं काय घाबरायचं त्यात?' अहो, तुम्ही खाली होता, मी वर होतो! तुम्हाला सांगतो, माझी तक्रार विमानाबद्दल नाही, सासूबाईंबद्दल तर नाहीच नाही, कारण सासूबाईंना नाही कोण म्हणणार? चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं त्यांनी, निवृत्त झाल्या, आम्हाला वाटलं आता गुलाबबिलाब लावतील, तर या गेल्या हौशी वैमानिकांच्या विमानतळावर, आणि सदुसष्टाव्या वर्षी छोटं विमान चालवायला शिकून परवाना घेऊन आल्या. छोटं म्हणजे किती... दोन माणसं खांद्याला खांदा लावून, आणि दारापेक्षा डब्याचं झाकण बरं.

मग एकदा जेवताना जाहीर केलं, 'रविवारी पहिला प्रवासी न्यायचाय. कोण येतंय?' पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच आमच्या घरात सगळे एकदम आपापल्या ताटात बघायला लागले. थोरला मेहुणा म्हणाला, 'आई, माझी कंबर...' साडू म्हणाले, 'रविवारी नेमके पाहुणे येणारेत हो.' आता हेच कायम दुसऱ्यांकडे पाहुणे, यांच्याकडे कोण येणार? आणि आमची ही, पोटची मुलगी, म्हणते कशी, 'मला झोपाळ्यावरसुद्धा चक्कर येते, पण हे येतील की.' हे म्हणजे मी. सासूबाईंना नाही कोण म्हणणार?

गेलो. तिथल्या शिक्षकानं आधी मला वजनकाट्यावर चढवलं आणि चारचौघांत मोठ्यानं वाचलं, 'ब्याण्णव.' मग म्हणतो, 'थोडं पेट्रोल काढून घेऊ.' म्हणजे बघा, माझं पोट उतरेना म्हणून पेट्रोल उतरवलं! पट्टा आवळला, आणि सासूबाई म्हणाल्या, 'जावईबापू, सैल बसा, काही होणार नाही.' मी दातांचा डॉक्टर आहे हो, हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा म्हणतो, मला माहितीये त्यात किती तथ्य असतं ते.

वर मात्र, खरं सांगू... छान होतं. खाली तळं, छपरं, वाळत घातलेल्या चादरी, आणि कानावरच्या हेडफोनमधून सासूबाई, 'डावीकडे बघा, ती आपली गच्ची.' इतका हलका आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता. मग उतरायला लागलो, जमीन आली, आली, अगदी हाताशी आली, आणि बाजूनं असा वारा लागला की विमान तिरकं, आणि या बाईंनी उतरायचं सोडून इंजिनाचा जोर वाढवला नि पुन्हा वर! मी म्हटलं, 'आई, जमीन खाली राहिली.' तर शांतपणे म्हणाल्या, 'गणित चुकतंय असं दिसलं की खोडायचं आणि पुन्हा सोडवायचं. मध्ये बोलायचं नाही.' जमिनीवर सासूबाईंना नाही कोण म्हणणार, आणि वर म्हटलं तरी जायचं कुठं?

पण मग माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. सुकाणूच्या दांड्यावरची बोटं पांढरीफटक पडली होती. म्हटलं, अरे, यांनाही भीती वाटतेय, फक्त सांगायला कुणी नाही. म्हणून म्हणालो, 'सावकाश घ्या, आई. मला कसली घाई नाही.' त्यांनी मान हलवली. आणि दुसऱ्या खेपेला विमान असं टेकवलं, असं टेकवलं... झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तसं.

इंजिन बंद केलं, पट्टा काही सोडला नाही. समोर बघतच म्हणाल्या, 'मला सगळ्यांची कारणं कळतात हो. चौतीस वर्षं पोरांची ऐकलीत. तुम्ही तेवढे आलात.'

आता अशा वेळी माणसानं तोंड मिटून बसावं की नाही? आयुष्यभर मी दुसऱ्यांना तोंड उघडायला लावतो, त्या दिवशी माझं आपोआप उघडलं. म्हणालो, 'आई, तुम्ही म्हणाल तेव्हा येईन.'

त्या म्हणाल्या, 'दर रविवारी.'

तेव्हापासून दर रविवारी मी वर असतो. आणि कंबरवाला मेहुणा, पाहुणेवाले साडू, चक्करवाली आमची ही, सगळे खाली झाडाखाली चटया अंथरून, डबे उघडून, आम्हाला हात दाखवतात... आणि दुसऱ्या हातानं जेवतात. आम्ही उतरेपर्यंत शिल्लक राहते ती फक्त बडीशेप.