हरण्याचा वार कोणता?

मंडळी, कीर्तनाला बसलात, आता एक सांगा. देवानं सातवा दिवस विसाव्याचा केला, तो कुणासाठी? चर्चच्या पाळकसाहेबांसाठी? त्यांना तर त्याच दिवशी जास्त काम! हसू नका, आख्यान ऐका.

एका गावात शांतवन आढाव नावाचा शेतकरी होता. मोठा भाविक ख्रिस्ती. रविवारी खुरप्याला हात लावायचा नाही. त्याच्याकडे बैल एकच, हरण्या. शेजारच्या भागुजीकडेही एकच, चांद्या. दोघांनी सावड केली, दोन बैलांची एक जोडी झाली. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या.

भागुजी महादेवाचा भक्त. सोमवारी तो औत धरत नसे, नंदीचा वार! मग अडलं कुठं? रविवारी शांतवन देवळात, तर जोडी भागुजीच्या रानात. सोमवारी भागुजी महादेवाला, तर जोडी शांतवनाच्या रानात. दोघांचे दोन्ही वार शाबूत. आणि बैलांचा वार? तो आठवड्यात बसलाच नाही!

रब्बीची पेरणी आली. वापसा सुटत चाललेला, ओल खाली जायच्या आत पेरायचं होतं. शनिवारी संध्याकाळी जू काढलं तर हरण्याचा खांदा सोललेला. शांतवनाची बायको रूथबाई म्हणाली, "अहो, उद्या त्याला राहू द्या."

"उद्या भागुजीची पाळी हाय. माझ्या हातात काय?"

त्यानं हळद-तेल लावलं आणि झोपला. मंडळी, हळद लावली की मन कसं लगेच गार होतं! बैलाचं नव्हे, आपलं.

रविवारी उपासनेत दहा आज्ञा म्हणायची पाळी शांतवनाची. पाठ होत्या त्याला. विसाव्याच्या आज्ञेला आला. तू काम करू नको, तुझ्या मुलानं नको, मुलीनं नको, चाकरानं नको... आणि देवळामागच्या रानातून भागुजीचा आवाज आला, "ऊठ! ऊठ म्हनतो ना!" पाठोपाठ आसूड वाजला.

शांतवनाची जीभ टाळूला चिकटली. लोकांना वाटलं, विसरला. मागून एक म्हातारी हळूच म्हणाली, "बैल, शांतवनराव. पुढं 'तुझ्या बैलानं नको' हाय."

तो तसाच वेदीपुढून खाली उतरला, वहाणा न घालता बाहेर पडला.

हरण्या औताच्या तासात, मातीतच बसला होता. तोंडाला फेस, जखमेवर माश्या. शांतवनानं भागुजीचा हात धरला.

"मारू नको. सोड त्याला."

"आन् माझी पेरणी? तुझा देव तुला आज बसवतो, मला न्हाई. कालपर्यंत तूच जुंपलास की."

"जुंपला. चुकलं माझं."

"मग हा बैल तुझाच ना?"

 शांतवनानं जू उचलून बाजूला ठेवलं, हरण्याच्या मानेवर हात फिरवला. बैलानं भीतीनं अंग आकसलं. ज्या हातचा चारा खाल्ला, त्याच हाताला भ्याला! शांतवन त्या ढेकळांत रडला, मंडळी.

"न्हाई रे भागुजी," तो म्हणाला, "बैल देवाचा. माझ्याकडं नुसता सांभाळाया दिला होता."

भागुजी चिडला होताच. पण जखम बघून तोही खाली बसला. म्हणाला, "आमचा नंदी तरी कुठं खूश असंल? चांद्यालाबी सोडतो."

पेरणीचं काय झालं? मंगळवारी रूथबाईच्या भावाचा बैल आणला, चांद्याजोडीनं आधी भागुजीचं रान पेरलं. तोवर ओल गेली. शांतवनाचा खालचा तुकडा तसाच पडीक राहिला. चमत्कार नाही झाला, कणसं नाही आली! गवत आलं, ते हरण्यानं खाल्लं.

म्हणा माझ्यासंगं:

रान तुझे, जीव तुझे, आम्ही राखणदार,
देवा, आमच्या भक्तीचा त्यांना नको भार.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, आमच्याकडं ट्रॅक्टर आहे. असू द्या. गाय आहे ना? गाडीला घोडा? ज्या विहिरीचा उपसून उपसून तळ दिसला, ती आहे ना? आपण इथं हात जोडून बसलोय, तोवर आपल्या नावानं कोण राबतंय?

घरी गेलात की आधी गोठ्यात जा. मुक्या जिवाच्या खांद्यावर हात ठेवा. त्यानं अंग आकसलं, तर गुडघे तिथंच टेका. घरातली प्रार्थना नंतर.