गोधडीतला मधला तुकडा

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन तुमच्यापुढं उभा राहिलोय. माणसाचा मान करायचा म्हणजे तो कुणाच्या मापानं करायचा? त्याच्या, का आपल्या?

सोपा वाटला ना? ते बघा, पाटील हसले. सोपं वाटलं की माणूस हसतो. पाटील, शेवटी पण हसा म्हणजे झालं!

आता कथा. पुराणातली नाही बरं का. आपल्या एमआयडीसीतली आहे. राजा नाही, राणी नाही, राक्षस तर अजिबात नाही. यात एकही वाईट माणूस नाही — आणि तरी वाईट झालं. म्हणून तर सांगायची.

एक कारखाना होता. यंत्रांचे सुटे भाग करणारा. त्याला पंचवीस वर्षं झाली. व्यवस्थापक होते कुलथे साहेब. साहेबांच्या मनात आलं, आपल्याकडं अठरापगड माणसं काम करतात. बिहारचा रामसजीवन आहे, तामिळनाडूचा पलनी आहे, मिरजेचे सलीमभाई आहेत, आपले देशावरचे आहेत, कोकणातले आहेत. सगळे एका जेवणघरात डबा सोडतात. हे दिसलं पाहिजे! दारातल्या मोठ्या भिंतीवर दिसलं पाहिजे! चांगली कल्पना आहे का नाही? आहेच. मी कुठं नाही म्हणतोय?

त्यांनी कोणाला बोलावलं? इंदुमती जंगम. आपण इंदूताई म्हणू. बाई गोधडीतली कलावंत. तिच्या गोधड्या दिल्लीला लागल्या, परदेशात लागल्या. हाताला अशी नजर होती, की जुनेरं जोडून ती चित्र उभं करायची. इंदूताई म्हणाली, "साहेब, भिंत रंगवायची नाही. प्रत्येकानं घरातलं एक कापड आणायचं. आईचं, बापाचं, आपल्या मुळाची खूण असलेलं. मी त्याची एक गोधडी शिवते. सगळ्यांची मिळून एक."

अहो, काय सुंदर! माझ्या अंगावर आत्ता काटा आला.

आणि माणसांनी आणली हो कापडं! रामसजीवननं आईचं लुगडं आणलं. पलनीनं बापाची वेष्टी, म्हणजे पांढरी लुंगी, आणली. सलीमभाईंनी बायकोच्या लग्नातल्या ओढणीची किनार आणली, आणि देताना दोनदा मागं घेतली. का? बायकोला सांगितलंच नव्हतं! (हसा, हसा. तुमच्या कपाटाची किल्ली कुणाकडं आहे, मला ठाऊक आहे.)

आला लहू. लेथ मशीनवर काम करणारा, चाळिशीचा, मितभाषी माणूस. कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यानं काय आणलं? कारखान्याचाच जुना निळा सदरा. धुऊन, इस्त्री करून.

इंदूताई म्हणाली, "दादा, हे नव्हे. तुमच्या घरातलं काहीतरी."

लहू म्हणाला, "हेच घरातलं, ताई. अंगावर घातलेलं, कुणी न वाढलेलं पहिलं कापड हे. माझं मूळ इथनंच धरा."

मंडळी, या वाक्यावर थांबायला हवं होतं. 'कुणी न वाढलेलं' म्हणजे काय, एवढं तरी विचारायला हवं होतं. पण इंदूताईला निळा रंग दिसला. नुसता निळा, सपाट, कसलीही नक्षी नसलेला! चित्रात बसेना. कलावंताचं हे असं असतं, डोळा आधी बघतो आणि कान मागनं येतो. तिनं विचारलं, "गाव कुठलं तुमचं?" यानं सांगितलं, "हिंगणवाडी."

आणि बाई निघाली की हिंगणवाडीला!

तिथं लहूची आई भेटली. द्रुपदाबाई. थकलेली, पण ताठ. इंदूताईनं सगळं सांगितलं. भिंत, गोधडी, समारंभ, साहेब. म्हातारी उठली, पत्र्याची पेटी उघडली आणि नवऱ्याचा घागरा बाहेर काढला. खणांचा! हिरवा, जांभळा, डाळिंबी, शेकडो खण, रुपेरी काठांचे. लहूचा बाप पोतराज होता, मंडळी. मरीआईचा भक्त. कपाळाला मळवट, पायांत चाळ, कमरेला हा घागरा आणि हातात आसूड. दारोदार जायचं, स्वतःच्या पाठीवर आसूड ओढायचा आणि मग हात पसरायचा. कुणी वाढेल ते खायचं, कुणी वाढेल ते नेसायचं. ज्या बाईचा नवस फिटला ती एक खण द्यायची. तो घागऱ्याला जोडायचा. गावंच्या गावं त्या घागऱ्यात होती.

इंदूताईच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नव्हतं बरं का ते. ती म्हणाली, "आजी, ही तर गोधडीच आहे."

म्हातारीनं एक खण उसवून दिला. मग म्हणाली, "त्याला इचारलंय न्हवं?"

"त्याला सांगायचं नाही," इंदूताई हसून म्हणाली. "सरप्राइज आहे."

सरप्राइज! हा एक नवा रोग आलाय आपल्यात. दुसऱ्याच्या जिव्हाळ्याची गोष्ट परस्पर उचलायची, आणि वर त्यानं आनंदानं उडी मारावी अशी अपेक्षा! म्हातारी बिचारी काय बोलणार? पोराचं नाव भिंतीवर लागणार म्हणून हरखली. भाकरी बांधून दिली वाटेला.

आता पोरानं काय सोसलं होतं, ते तुम्हाला सांगतो. इंदूताईला ठाऊक नव्हतं, तुम्हाला असू द्या. लहूला त्याच्या जन्माआधीच देवीला सोडलेलं. केस कापायचे नाहीत. चालायला लागला तसा हातात छोटा आसूड. बापाच्या पाठीवर वळ उठले की त्यात हळद भरायचं काम याचं. बाप दातावर दात धरून म्हणायचा, "भर रं, भर. उद्या तुझीबी मीच भरीन." आईला दोष नाही हो. देवी कुठल्या लेकराची पाठ मागते? ही मागणी माणसांनी लावलेली. मिसरूड फुटलं त्या वर्षी पोरगं तालुक्याला पळालं, केस कापले, मिळेल ते काम केलं. मनाशी एकच ठरवलं, आसूड माझ्यापाशी थांबला. माझ्या लेकराच्या हातात तो जाणार नाही. बायकोला सांगितलं होतं. लेकीला एका शब्दानं नाही. तिच्यासाठी तिचा बाप म्हणजे मशीनवाला बाप.

एवढंच त्यानं आयुष्यात कमावलं होतं, मंडळी. एवढंच जपायचं होतं.

इकडं गोधडी शिवायला घेतली. गोधडीत पहिला तुकडा मधोमध बसतो. इंदूताईकडं त्याला लक्ष्मी म्हणतात. त्याच्या भोवतीनं टाका फिरत फिरत कडेपर्यंत जातो. हा मान कुणाला? तिनं लहूचा खण मधोमध लावला. मोठ्या मायेनं! गोधडी बंद करताना तिच्या पोटात भाकरीचा कुटका घालायचा, ती उपाशी राहू नये म्हणून. तिनं द्रुपदाबाईच्या भाकरीचा कुटका घातला. अहो, याहून जास्त मान काय करणार? सांगा की! तिनं तिच्या जवळचं सगळ्यात चांगलं ते दिलं.

समारंभाचा दिवस. सगळे सहकुटुंब आलेले. लहूची बायको आली, लेक सरस्वती आली. फ्रॉक घातलेली, पुढच्या रांगेत. पडदा सरकला. काय गोधडी होती! प्रत्येकजण आपला तुकडा शोधतोय, बोट दाखवतोय. रामसजीवन तर रडला. आणि मधोमध तो खण, खाली पाटी. लहू — पोतराज परंपरा.

लहूनं वाचलं. आधी लेकीकडं बघितलं.

कुलथे साहेब माईकवर म्हणाले, "आपल्या लहूभाऊंच्या घरात एवढी थोर कला, आणि कधी बोलले नाहीत! या लहूभाऊ, वर या." सोबत्यांनी त्याला खांद्याला धरून वर नेलं. कुणीतरी पॅकिंग खात्यातली दोरी पिळून आणली. "लहूभाऊ, एकदा दाखवाच."

आता नीट ऐका. त्यांनी टवाळी केली असती ना, तर तो भांडला असता. निघून गेला असता. पण टवाळी नव्हती हो! प्रेम होतं! ज्यांच्या डब्यातली चटणी खाल्ली ती माणसं, डोळ्यांत कौतुक घेऊन उभी. पुढं लेक बसलेली. प्रेमाला नाही कसं म्हणायचं, हे गरिबाला कुणी शिकवलंय का?

त्यानं दोरी घेतली. हवेत फिरवली. आणि मग ओढली. पाठीवर. फट्! टाळ्या. फट्! टाळ्या. पळून इतकी वर्षं झाली होती, पण हात विसरला नव्हता. आणि शेवटचा फटका बसला तसा तो वाकला, मान खाली घातली, आणि — मंडळी — हात पसरला. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप पसरला. साहेबांना वाटलं, हा कलेचाच भाग. त्यांनी हसून हातावर नोट ठेवली.

लहूनं त्या नोटेकडं बघितलं. माईकच्या टेबलावर ठेवली, आणि खाली उतरून घरी गेला.

इंदूताईनं तो चेहरा बघितला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या दारात. लहू उंबऱ्यावर बसलेला. कामावर गेला नव्हता.

ती म्हणाली, "दादा, माझं चुकलं. मी आज जाऊन तो तुकडा काढते."

"मधला हाय त्यो, ताई. काढायचा तर सगळं उसवावं लागंल." शांत होता हो आवाज. "रामसजीवनच्या आईचं लुगडं हाय त्यात. ती वारलीया. ऱ्हाऊ द्या."

ती म्हणाली, "मी तुमचा मान करायला गेले."

"ठावं हाय मला. म्हणून तर तुमच्यावर रागवताबी यीना."

इतक्यात घराच्या कडेनं आवाज आला. फट्. पोरं खिदळली. परत फट्. इंदूताईनं डोकावून बघितलं. सरस्वती होती. आईची ओढणी कमरेला गुंडाळलेली, कपाळाला कुंकू फासलेलं, हातात वाळत घालायची दोरी. पाठीवर मारत होती, गोल फिरत होती. मग वाकली, आणि शेजारच्या पोरांपुढं तिनं चिमुकला हात पसरला. पोरांनी त्यावर खडे ठेवले.

लहू तिच्यावर ओरडला नाही. जागचा उठलाही नाही. एवढंच म्हणाला, "बघा ताई. शिकवावं लागलं न्हाई."

...

पेटीवाले, वाजवू नका. जरा थांबा.

गोधडी अजून त्या भिंतीवर आहे. येणारेजाणारे फोटो काढतात. इंदूताई कलावंत म्हणून मोठीच आहे, पण आता कुणाचं कापड हातात घ्यायच्या आधी समोर बसते आणि विचारते. उशिरा शिकली. लहूला त्याचा काय उपयोग?

आणि आपण? पुढच्या महिन्यात तुमच्याच मंडळाचा परंपरेचा मेळावा आहे. पत्रिका बघितली मी. पोरांना वेश देऊन उभं करणार आहात. वासुदेव, गोंधळी, पोतराज, सगळे. करा! वारसा जपायलाच हवा, मी कोण नको म्हणणारा? पण या गावात, या मांडवात, कुणाच्या तरी पाठीवर तो वेश अजून ठणकतोय. ज्याचं जळतं त्याला कळतं. त्याच्या दारात जा, आणि आधी विचारा.

विचारायला सगळे जाल, मला खात्री आहे. माझं मागणं निराळं आहे. तो जर 'नको' म्हणाला, तर त्याला समजावत बसू नका. ते 'नको' घ्या आणि मुकाट्यानं घरी या. देवाच्या दारात ते 'नको' एवढंच जरी घेऊन आलात, तरी देवाला पोहोचेल.

चला. टाळ घ्या हातात. आज हळू वाजवा.