खोलीत येणारा समुद्र

परळच्या कॉलेजात समुपदेशकांच्या दाराबाहेर मनवा डोळे मिटून बसली होती. शेजारी बसलेल्या दोघी अनोळखी होत्या.

"रुपाली, वर्गात चक्कर आली ते घरी सांगितलंस?"

"नाही गं अपेक्षा. आई म्हणेल, कॉलेज सोड."

"झोपतेस तरी कधी?"

"आजोबा रात्रभर खोकतात. त्यांची पाठ चोळत बसते. मग जागेपणीच स्वप्नं पडतात. समुद्र हळूच खोलीत येतो, आम्ही सगळे गाद्यांसकट तरंगतो. आजोबा खोकतच नाहीत."

"मॅडमना सांग हे."

"समुद्राचं? हसतील."

"नाही हसणार. सगळं सांग."

रुपालीचं डोकं अलगद मनवाच्या खांद्यावर कलंडलं.

दार उघडलं. "मनवा, ये."

"मॅडम, दुसऱ्या कुणाला घ्या," मनवा न हलता कुजबुजली. "ही आत्ताच झोपलीय."