हर्षितानं सांगितलं तेव्हा

(मल्लेश्वरम, रविवारची सकाळ. सुचेताच्या स्वयंपाकघरात तिचा धाकटा भाऊ रघुनंदन.)

रघुनंदन : ...मग अक्का, मी तिला गणिताच्या पेपरचं सांगून टाकलं.

सुचेता : कुठल्या पेपरचं?

रघुनंदन : माझ्या. पीयूसीच्या, बारावीच्या.

सुचेता : रघू, तीस वर्षं मी तोंड उघडलं नाही. अण्णा गेले, वडील असून त्यांनाही कळू दिलं नाही. आणि तू लेकीला सांगून मोकळा?

रघुनंदन : सांगावंच लागलं.

सुचेता : ही घे कॉफी. पहिल्यापासून सांग.

रघुनंदन : बुधवारी हर्षिताला ट्यूशनला सोडायला निघालो. राजाजीनगरच्या सिग्नलला स्कूटरवर मागून म्हणाली, अप्पा, वर्गात बसलं की छाती धडधडते, श्वास पुरत नाही. तीन महिने झाले.

सुचेता : तीन महिने? तू काय म्हणालास?

रघुनंदन : म्हटलं, नाश्ता न करता जातेस, म्हणून होत असेल.

सुचेता : शाब्बास.

रघुनंदन : घाबरलो होतो गं. ट्यूशनपाशी उतरली, ‘सरी अप्पा’, बरं अप्पा, एवढंच म्हणाली आणि चालू लागली. अण्णा ऐकून घेत नसत तेव्हा मी अगदी तसंच ‘सरी’ म्हणायचो. मला पुढं जाववेना. हाक मारून परत बसवलं.

सुचेता : आणि तुझं कारखान्यातलं काम?

रघुनंदन : कामावरच्या महांतेशला फोन केला, आज शेड तूच सांभाळ. मग आम्ही दोघं जवळच्या दर्शिनीत इडली-वडा खायला गेलो. म्हटलं, माझं चुकलं, पुन्हा सांग. सगळं बोलली. रडली. मग विचारलं, अप्पा, मी वेडी होतेय का? तेव्हा सांगितलं, मलाही हे झालं होतं. पेपर हातात आला, अक्षरं दिसेनात. उठलो आणि थेट तुझं कॉलेज गाठून उभा राहिलो.

सुचेता : उभा कुठला. पायरीवर बसला होतास, एका पायात चप्पल.

रघुनंदन : तेही सांगितलं. आणि पेपर बुडाला म्हणून तू घरी मला कांजिण्या आल्याचं सांगितलंस, ते.

सुचेता : कुंकवाचे ठिपकेसुद्धा?

रघुनंदन : रोज सकाळी नवे काढायचीस, आणि जागा चुकायच्या. नऊ दिवस अंघोळ नाही, उशाला कडुलिंब. अक्का, ती इतकी हसली की सांबार नाकात गेलं.

सुचेता : पुढं सप्लिमेंटरी परीक्षेत पास झालास, हे सांगितलंस की नाही?

रघुनंदन : त्यात तिला रस नव्हता. ठिपके आणखी कुठे कुठे होते, तेच विचारत होती.

सुचेता : बरं. आणि तिची आई? आश्लेषा काय म्हणाली?

रघुनंदन : आधी पोरीची दृष्ट काढली. मग मोरीत जाऊन रडली. मग तोंड धुऊन आली आणि शाळेतल्या अनुषा मिसना फोन करून कौन्सेलरची वेळ घेतली. काल तिघं जाऊन आलो. कौन्सेलर मॅडम म्हणाल्या, वेळ लागेल, पण यातून नीट बाहेर येईल. येताना हर्षिता आमच्या पुढं चालत होती, गुणगुणत. किती दिवसांनी.

सुचेता : तिला घेऊन यायचं होतंस. तिच्या आवडीचं चित्रान्न, लिंबाचा भात, केलं असतं.

रघुनंदन : झोपलीय अजून. झोपू दे म्हटलं. अक्का, दर्शिनीत तिनं आणखी एक विचारलं. अप्पा, तुम्हाला अजून होतं का तसं?

सुचेता : मग?

रघुनंदन : म्हटलं, स्वल्प, थोडंसं. कधीकधी.

सुचेता : मला कधी बोलला नाहीस.

रघुनंदन : कुणी विचारलंच नव्हतं.

सुचेता : ती काय म्हणाली?

रघुनंदन : ‘मग मलाही सांगत जा,’ म्हणाली, आणि माझ्या ताटलीतला वडा उचलून खाल्ला.