चंदरनं निवडलेला मदरबोर्ड

—नाय, त्या पेटीला हात लावू नको. आधी बस. जयभीम झालं ना दारातच, मग बस आता. चंदरनं धाडलंय तुला, दिसतंय मला, सांगाय नको. खोपोलीवरनं कर्जतला येतोस, काखेत त्याचं खोकं, आणि वर म्हणतोस, काका, थोडंच काम हाय. थोडंच काम हाय तर तो का नाय आला? पाय मोडलेत त्याचे? बोल ना! दोस्त ना त्याचा. एका कंपनीत कामाला, त्याच कॉम्प्युटरच्या खोलीत दिवसभर बसता, आणि दसऱ्यापासनं खोपोलीत राहता बी एकाच खोलीत. बापाचं घर काट्यासारखं टोचाय लागलं त्याला. मी 'नीघ' म्हणालो, खरं हाय. रागानं म्हणालो. बाप म्हणतो रं रागानं! तेवढ्यावर कोण निघतं का? हा निघाला. पिशवीत कपडे कोंबले, आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं नाय, आणि निघाला. पारू, चहा टाक गं, तुझ्या लेकाचा दोस्त सदू आलाय लोधिवलीचा. —आणि रडू नको तितं चुलीपाशी, ऐकाय येतंय मला.

तुला काय सांगितलं त्यानं? बापानं दुकानात तमाशा केला, असंच ना? केला. परत करीन. तू ऐक आणि तूच सांग. खेळाय कॉम्प्युटर पायजे म्हणाला. लग्नाचा घोडा झालाय, आणि खेळायचंय! बरं म्हणलं, खेळ. दारू पीत नाय, पत्ते कुटत नाय, खेळ बाबा. पत्रा कापून ही पेटी त्यानं घरीच केली, माझ्या खाटंपाशी, रोज ठकठक ठकठक—तरी मी ब्र काढला नाय. आत घालायचा मेंदू तेवढा राहिला. तो काय प्रोसेसर म्हणतात तो, आणि तो ज्याच्यावर बसवायचा तो मदरबोर्ड. जोडीनंच घ्यावा लागतो म्हणे, याचा त्याला बसत नाय. म्हणून मुंबईला, लॅमिंग्टन रोडला गेलो दोघं. दुकानदारानं दोन जोड्या मांडल्या काचेवर. एक एक्स्टी—प्रोसेसर हळू, लांबट, गोमेसारख्या पायांचा, पण बोर्डावरच रंगाची सोय आणि वर रंगीत पडदा. दुसरी टू-एटी-सिक्स—प्रोसेसर चौकोनी, लय तेज, बोर्ड हा असा जेवायच्या ताटाएवढा, पण पडदा बिनरंगाचा. पैसे एकाच जोडीपुरते. आता सांग, ज्याला खेळायचंय तो काय घेईल? रंग घेईल! आंधळा सुद्धा सांगंल!

मी तेच म्हणलं. चंदर, ती रंगीत घे. तर म्हणतो, नको बा. का नको? नको. अरं लेका, कारण सांग. मान खाली. गिऱ्हाईकं वळून बघतायत, दुकानदार गालात हसतोय आणि मला म्हणतो, काका, मुलाला कळतं त्यातलं, घेऊ द्या त्याला. म्हंजे मला कळत नाय! माझ्या डोक्यातच गेलं ते. मी म्हणलं, मला नका शिकवू, इंजन आणि लाइन कशी जुळवायची ते मी रेल्वेत तुमच्या जन्माआधीपासनं बघतोय. मी ओरडलो, रंगीतच घ्यायचा, नायतर काय बी घ्यायचं नाय, काळापांढरा पडदा माझ्या घरात येणार नाय! आख्खी आळी रंगीत टीव्हीवर आलीय, आणि माझा शिकलेला लेक राखेच्या रंगाचा पडदा आणणार. तर हा काय करतो? गप पैसे काढतो आणि टू-एटी-सिक्स बांधायला सांगतो. चारचौघांत. बापाच्या शब्दाचं पायपुसणं केलं. आणि घरी आल्यावर मी 'नीघ' म्हणलं तर चुकलं माझं?

...हां, लाव, लाव तू. उघड पेटी, बसव खोक्यातला बोर्ड. पडदा हाय तितं खाटंखाली, जाताना टाकून गेला तो. मी अडवत नाय. त्या मदरबोर्डानं काय वाकडं केलंय माझं. मी फक्त विचारतोय, एवढी घाई कशाला लागते खेळात? तेज प्रोसेसर म्हणे! ...काय म्हणालास? हळू असला तर चित्र धक्के खातं? मग खाऊ दे की. खेळच तो.

तुला वाटंल, म्हाताऱ्याला रंगाचं एवढं काय पडलंय. अरं, माझा जन्म लाल नि हिरव्यावर गेलाय! तुमी हायवेची माणसं, तुमाला ट्रकच ठावं. पुण्याची गाडी कर्जतला का थांबते एवढा वेळ? मागनं इंजन जोडायला, घाटात ढकलणारं. बँकर म्हणतात त्याला. ते माझं. पुढं आख्खी गाडी, काय दिसत नाय, पुढच्याच्या शिट्टीवर चालायचं—आणि ढकलायचं असं की धक्का बसता कामा नये. माणसाच्या हातात चहा असतो ना डब्यात, तो हिंदकळला नाय पायजे. माझ्या गाडीत कधी हिंदकळला नाय. विचार कुणाला बी. लोणावळ्याला सुटलं की रिकामं इंजन उतरवून आणायचं, ठाकुरवाडीवरनं खाली, आणि तेव्हा मातूर सिग्नल आपला आपण बघायचा. बोगद्यातनं बाहेर पडलं की दिवा वळखायचा. माझ्यासारखा कुणी वळखत नव्हता. तुझा हा सदरा बघ, लांबनं सांगितलं असतं, हिरवागार हाय. ...काय? ...लाल? कोण म्हणतं लाल? ...बरं, असंल. उजेड कुठाय हितं. बल्ब बदल म्हणून केव्हाचा सांगतोय पारूला.

असं काय बघतोस? साहेबाशी भांडलो म्हणून उतरलो मी इंजनावरनं. सगळ्या कर्जतला ठावं हाय. त्यानं उद्धट उत्तर दिलं, मी दोन शब्द सुनावले, आणि मला आणून बसवलं ऑफिसात, कागदाला टाचण्या मारायला. भांडलो म्हणून. दुसरं काय कारण नाय. डॉक्टरनं काळोखात दिवे दाखवले ते दरसालचंच असतं, सगळ्यांनाच दाखवतात. त्याचा काय संबंध? त्याचा दिवाच मळका होता. मी म्हणलं बी त्याला, काच पुसा, मग विचारा. —तू स्क्रू आवळ ना तुझे! मी काय सांगितलं तुला दिव्यांचं? काय नाय सांगितलं. आणि चंदरला तर काय बी ठावं नाय. पारूला नाय, तर त्याला कुठनं?

लागला? पेटला पडदा. बघ, बघ, हाय का कसला रंग? काळ्यावर पांढऱ्या रेघा. याच्यासाठी पोरानं घर सोडलं. ...फ्लॉपी? घाल. त्यानंच केलाय खेळ? कंपनीची सुटी झाल्यावर बसून? आणि कंपनीनं वापरू दिला कॉम्प्युटर? दाखव. ...हे रूळ. हा डोंगर. हा बोगदा, आणि हे वळण—थांब. थांब जरा. हे ठाकुरवाडीचं वळण हाय. असंच येतं ते, डावीकडं कडा, उजवीकडं दरी. त्याला कसं माहीत? ...हां. लहानपणी न्यायचो मी. मांडीवर घेऊन बसायचो, साहेब नसला की.

कुठलं बटण? हे? ...चालली. बघ, चालली! अजाबात धक्का नाय. सरळ लोण्यासारखी... म्हंजे याच्यासाठी तेज प्रोसेसर? मला धक्का चालत नाय म्हणून? आणि पुढं डबे का नायत? सगळी गाडी मागं हाय माझ्या. मी पुढं हाय. जन्मभर मागनं ढकललं रं, आणि पोरानं पुढच्या इंजनात बसवलं.

सिग्नल आला. हात हाय नुसता. जुना, लाकडी हाताचा सिग्नल. आडवा—म्हंजे थांब, खाली पडला—म्हंजे जा. दिवा कुठाय? ...दिवा का नाय काढला त्यानं? सदू, मी विचारतोय. एवढं वळण काढलं, कडा काढला, आणि सिग्नलचा दिवा काढायचा राहिला? राहिला नाय. मुद्दाम नाय काढला. तो म्हणालाय तुला. काय म्हणाला? ...मान खाली घालू नको, त्याच्यासारखी! सांग! ...असं. बाला हात पुरे, दिवा नको—असं म्हणाला.

म्हंजे त्याला ठावं होतं. दुकानात ठावं होतं. मी ओरडत होतो, रंगीत घे, रंगीत घे—का ओरडत होतो सांगू? नको म्हणलो असतो तर कुणी विचारलं असतं, का नको. म्हणून ओरडलो. आणि तो तितं उभा, सगळं ठाऊक असलेला, चारचौघांत माझ्या शिव्या खात. एक शब्द बोलला असता तर माझं तोंड बंद झालं असतं. बोलला नाय. घर सोडलं, पण बोलला नाय. मूर्ख हाय. कुणावर गेलाय कोण जाणे... पारू, चहा राहू दे तितंच. आत नको येऊ आता.

आणि तू काय बसलायस? तुझं काम झालं ना? मग ऊठ. लोधिवलीला गावाकडं नाय जायचं, खोपोलीला खोलीवर जा आधी. त्याला म्हणावं... काय नको म्हणू. रात्रीला घरी जेवायला ये म्हणावं, आईनं बोंबील केलेत. बाकी काय बोललास त्याला, दिव्यांचं, सदऱ्याचं, तर तंगडं मोडीन, सांगून ठेवतो. जा. दार लोटून घे.

—गप रं. दारातनं जयभीम नको आता. सिग्नलचा हात पडला. मला जाऊ दे.